‘दुकान वाढव’ म्हणालीस, ते कसं?

प्रिय बाय,

तू गेल्यावर तुला पत्र लिहीन असं मला वाटलं नव्हतं. मुंबईहून लिहायचे तेव्हा दादा ते तुला ओटीवर बसून वाचून दाखवायचे, आणि तू म्हणे त्यांना मध्येच थांबवून विचारायचीस, "हे तिनं लिहिलंय, की तुम्ही पदरचं घालताय?" आता तिथे वाचून दाखवायला कोण आहे? पण एक प्रश्न असा अडलाय की तो तुझ्याशिवाय कोणाला विचारावा ते कळत नाही.

त्या शेवटच्या संध्याकाळी तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, "दुकान वाढव." ते कसं ग? बंद कर, म्हणून? की मोठं कर, म्हणून?

हसू नकोस. तुझा थोरला, अण्णा, उद्या मुंबईहून येतोय. अलिबागच्या एका कापडवाल्याला आपली ओटी भाड्यानं हवी आहे. तुझ्या खानावळीच्या जागी तो धोतरं नि लुगडी मांडणार. अण्णानं त्याला जवळजवळ शब्दच दिलाय. आता दादांनी एकदा 'हो' म्हटलं की झालं. आणि दादा कचरायला लागले की अण्णा एकच वाक्य लिहून पाठवतो: 'बायचीच तशी इच्छा होती. जाताना तीच म्हणाली, दुकान वाढव.'

मीही तेच ऐकलं, बाय. फक्त मला ते उलटं ऐकू आलं!

आपल्या बोलण्याची गंमत बघ. दुकान बंद करायचं तर 'बंद' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, दुकान वाढवायचं. बांगडी फुटली तर ती वाढली. देवापुढे नारळ फोडला तर तो वाढवला. पानात भात घालायचा तोही वाढायचा आणि पोरगी ताडमाड होते तीही वाढते. मराठी घेऊन मी बी.ए. झाले. व्याकरणाच्या पेपरात मला चांगले गुण होते. पण एका क्रियापदावर आपलं घर असं अडून बसेल, हे कोणी शिकवलं नव्हतं.

तुला माझे इथले दिवस माहीत नाहीत. आधी ते सांगते, म्हणजे मी का विचारतेय ते तुला कळेल.

तुझे दिवस झाले. अण्णा कामावर परत गेला. दादांच्या जेवणाची सोय लागली की मीही जाणार होते. शाळेतली नोकरी माझ्यासाठी ठेवलेली होती, जूनपासून रुजू व्हायचं. खानावळीच्या फळ्या लावलेल्याच होत्या. एक दिवस सकाळी हुसेनचाचा, आपला खाडीपलीकडे साळावला होडी नेणारा, येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसला. मी म्हटलं, "चाचा, खानावळ बंद आहे."

त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "तोबा तोबा! असा बोलू नये गो. तुझ्या आईनं उभ्या जन्मात हा शब्द काढला न्हाय."

"मग काय म्हणू?"

"काय बोलू नको. भात असंल तर दे."

दादांसाठी शिजवलेला भात होता. मी दिला. त्यानं खाल्ला, ताटली विहिरीवर धुऊन उपडी घातली आणि गेला. दुसऱ्या दिवशी होडीची वाट बघणारी दोन माणसं घेऊन आला. तिसऱ्या दिवशी ती दोघं आणखी कोणाला घेऊन आली. मी खानावळ सुरू केली नाही, बाय. फळ्या उघडल्या त्या पुन्हा लावायच्या राहिल्या, इतकंच.

आता खरं सांगते. मनात माझ्या मोठेमोठे बेत होते. माणसांना चौरस आहार द्यायचा, असं काहीतरी डोक्यात होतं. कॉलेजात एका बाईंनी त्यावर भाषण दिलं होतं. मी अलिबागहून बीट आणि कोबी आणवला. बिटाची कोशिंबीर केली. तिचा रस भातात उतरला.

पारू टोपली उतरवून जेवायला बसली होती. तुझी मासळीवाली मैत्रीण बदललेली नाही, तोंड तसंच आहे. ती ताटाकडे बघत म्हणाली, "काय गो बालिष्टर, भाताला काय लागला? कुठं कापलास काय हात?"

"बीट आहे पारूमावशी. रक्त वाढतं त्यानं."

"वाढंल, वाढंल. पन माजा घास खाली उतरू दे आधी." आणि मग सगळ्या बाकड्याला ऐकू जाईल असं, "शिकलेल्या पोरीच्या हातचा जेवान, गप गिळा, न्हायतर दंड करंल!"

बाकडंभर माणसं हसली. मीही हसले, मागे जाऊन थोडी रडलेही. दुसऱ्या दिवसापासून तुझंच सुरू केलं. भात, आमसुलाचं सार, सुकटीची चटणी. पारूच्या टोपलीत काही उरलं तर कालवण. साधं म्हणतात त्याला! तीन पदार्थ, पण मला किती दिवस फसवत होते ठाऊक आहे? सार कधी नुसतं आंबट पाणी, कधी गुळचट. तू गूळ घालायचीस का ग? आणि केव्हा, उकळी यायच्या आधी की नंतर? दादांना विचारलं तर म्हणतात, "घालत असेल. लागायचं चांगलं." संसार केलेल्या माणसाला एवढंच सांगता यावं!

आणि तुझ्यावर माझा थोडा रागही आहे. चुलीजवळ आले की तू मला उठवायचीस. "इथं काय बघतेस? जा, वाच जा." मला स्वयंपाकघरातून हाकलून तू मला शिकवलंस, ते मला कळतं. पण मधूनमधून एखाद्या वेळी बसू दिलं असतंस तर काय झालं असतं? मी पुस्तकही वाचलं असतं आणि सारही बघितलं असतं.

तरी एक गोष्ट मी माझी मी शोधून काढली. ती ऐक.

तू पहाटे तांदूळ घ्यायच्या आधी दादांना हाक मारून विचारायचीस, "आज तिथी कुठली?" मला वाटायचं, केवढी माझी आई धार्मिक! म्हणून मीही तिथी बघायला लागले. एकादशी आली. मी हिशेब केला, आज माणसं उपास करणार, भात कमी टाकावा. आणि त्या दिवशी बाकड्यावर जागा नाही! लोक पायरीवर बसलेले. भाताचं पातेलं खरवडून खरवडून मी शेवटी दादांचा वाटा काढून दिला. एकानं तर मला विचारलं, "ताई, एकादशीला तुमची आई दुप्पट शिजवायची, तुम्ही निम्मं कसं?"

मी चक्रावले. एकादशीला दुप्पट? भांडी तशीच टाकून मी खाडीवर गेले. बघते तर ओहोटी. पाणी दूर गेलेलं, मध्ये नुसता चिखल, होडी पलीकडे अडकून पडलेली. साळावला जाणारी माणसं अलीकडे ताटकळत बसलेली. बसलेल्या माणसाला भूक लागतेच! मग मी रोज दुपारी जाऊन पाणी बघायला लागले. अमावास्या-पुनवेला ऐन दुपारी खाडी भरलेली. माणूस एस.टी.तून उतरला की होडीत बसला नि गेला, त्याला जेवायला सवड कुठे? अष्टमीपासून पुढे दुपारची ओहोटी, तेव्हा खानावळ भरायची. तू तिथी देवासाठी विचारत नव्हतीस, बाय. तू पाण्यासाठी विचारत होतीस!

मला इतका आनंद झाला की मी दादांना हाताला धरून खाडीवर नेलं आणि दाखवलं. ते म्हणाले, "मग? हे तुला माहीत नव्हतं?" मी म्हटलं, "तुम्ही कधी सांगितलंत?" तर म्हणाले, "तू कधी विचारलंस?"

खरंच, मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची सवय लागली आहे आणि तू नाहीस.

म्हणून मला ते वाक्य सोडवत नाही. मी ते व्याकरणानं फोडून बघितलं. तू दादांना 'अहो' म्हणायचीस, त्यांना म्हणाली असतीस तर 'वाढवा' झालं असतं. 'वाढव' म्हणालीस म्हणजे अण्णाला किंवा मला. अण्णा तुझ्या उशाशी होता, मी पायाशी. त्याला तू 'रे' म्हणायचीस आणि मला 'गो'. शेवटी मला 'गो' ऐकू आल्यासारखं वाटतं. पण मी ते ऐकलं, की मला ऐकायचं होतं म्हणून आलं? अण्णाला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं, 'रे' होतं.

आणखी पुष्कळ लिहायचं होतं, पण बाहेर होडी लागल्याचा गलका झाला. जाते. पुढचं नंतर.

बाय, मधे तीन दिवस गेले. अण्णा येऊन गेला. काय काय झालं ते सांगते, क्रमानं सांगायचा प्रयत्न करते.

तो आला तो फळ्या उघड्या बघून दारातच थांबला. मी ओचा खोचून भात काढत होते. हाताला काजळी. त्याचा चेहरा असा झाला, जणू मी त्याचं काहीतरी फोडलं.

"वत्सू, हे तू करतेस? मला वाटलं, दादांना दोन घास करून घालतेस."

"घालतेच. त्यातच आणखी चार जणांना."

"तुला मी शिकवली ती बंदरावर भात वाढायला?"

तो असं म्हणाला ते मला लागलं, पण त्याचं चूक म्हणता येत नाही. माझी फी भरण्यासाठी त्यानं स्वतःचं पुढचं शिक्षण सोडलं. घरात पदवीचा कागद आला तेव्हा माझ्यापेक्षा तोच जास्त नाचला होता. बंदरावरच्या सगळ्यांना त्यानं पेढे वाटले, तुला आठवतं? तू म्हणालीस, "लग्न असल्यासारखं काय करतोस?" त्याच्या मनात मी शाळेत उभी आहे, पांढरी साडी, हातात खडू. तिथून तो मला चुलीपाशी कसा बघेल?

मी म्हटलं, "अण्णा, जेवून घे आधी."

"वादविवाद स्पर्धेत घसा ताणायचीस, तरुणांनो, खेड्याकडे चला म्हणून. ते बक्षिसापुरतं होतं असं मी धरून चाललो होतो!"

"मीही तसंच धरलं होतं," मी म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं.

हुसेनचाचा बाकड्यावर जेवत होता, त्याला ठसका लागला. दादा नेहमीसारखे खांबाला टेकून बसलेले.

मग अण्णानं ते काढलंच. "बायची शेवटची इच्छा होती. दुकान वाढव, म्हणाली. सगळ्यांसमोर."

"मोठं कर, म्हणाली," मी म्हटलं.

"अग, दुकान वाढवणं म्हणजे बंद करणं! बी.ए. मराठी झालीस ना?"

"आणि ती 'गो' म्हणाली. मला म्हणाली."

"रे म्हणाली! मी कानाशी होतो!"

तुझी दोन मोठी पोरं, बाय, तुझ्या ओटीवर 'रे' आणि 'गो' यावरून भांडत होती आणि गिऱ्हाईकं घास हातात धरून ऐकत होती. पारू म्हणाली, "ऐका, ऐका, ह्ये तर कोर्टात जानार."

तेव्हा हुसेनचाचा ताटावरून न उठता बोलला. "मी होतो त्या दिवशी."

आम्ही दोघंही त्याच्याकडे वळलो. तो त्या संध्याकाळी आला होता, हे मला आठवतच नव्हतं.

"शेवटची होडी लावून सरळ आलो, भाबीला बघायला. दारात उभा राहिलो. तिनं डोळे उघडले ते मला बघितला." तो पाणी प्यायला. "मी दारात दिसलो म्हणजे शेवटची होडी लागली. शेवटची होडी लागली का ती आत हाक मारायची, दुकान वाढव म्हणून. रोज. कोण असंल त्याला. कोण नसला तरी."

मग पारू हळूच म्हणाली, "व्हय. रोज."

हाक तर आम्हीही लहानपणी ऐकलेली, पण रोजची म्हणून कानात राहिलीच नव्हती. काय वाटलं सांगू? आधी हसू आलं. आम्ही दोघांनी तुझ्या वाक्याचे झेंडे करून हातात घेतले होते, आणि तू फक्त दिवस आटोपत होतीस! मग मला रिकामं वाटलं. कारण मला हवं होतं की तू मला काहीतरी सोपवून गेलीस. मोठं, अवघड, फक्त मला. ते काहीच नव्हतं. अण्णाचंही तोंड उतरलं. त्यालाही हवं होतं, नाही? आईची इच्छा म्हणून करतोय, असं म्हणता आलं की माणसाला जड जात नाही.

"म्हणजे बाय काहीच म्हणाली नाही," तो म्हणाला.

"नाही. आता आपणच काय ते म्हणायला हवं."

"मग म्हण."

स्पर्धेत मी शेकडो लोकांपुढे बोललेय, पण अण्णासमोर माझे शब्द जागेवर येईनात. मी म्हटलं, "मला हे चालवायचंय. का ते नीट सांगता येत नाही. सकाळी उठले की मला बघावंसं वाटतं, आज पाणी कुठे आहे, आज कोण येणार, त्याला काय आवडेल. शाळेच्या नोकरीचा विचार केला की असं काही बघावंसं वाटत नाही. ती चांगली नोकरी आहे, मला कळतं. पण तिच्याबद्दल मला एकही प्रश्न पडत नाही."

"प्रश्न पडतात म्हणून कोणी धंदा करतं का?"

"मी करून बघते."

"आणि लग्न? आणि लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच बसलेत. त्यांना विचार."

पारूनं तोंडाला पदर लावला. अण्णा चिडून आत निघून गेला.

कापडवाला संध्याकाळच्या एस.टी.नं आला. टोपी, कोट, हातात गज. कोणाशी न बोलता त्यानं ओटीच्या या भिंतीपासून मोजायला सुरुवात केली. अण्णा दारात येऊन नुसता गजाकडे बघत राहिला. मी चुलीपाशी निखारे मागेपुढे करत राहिले.

दादा खांब सोडून उठले.

"मोजू नका," ते म्हणाले. "ओटी रिकामी नाही."

"अहो, पण तुमचे चिरंजीव तर—"

"चिरंजीव मुंबईला असतात. ओटीवर ही असते."

बस्, एवढंच. माणूस गज काखेत मारून परत गेला. दादा पुन्हा खांबाला टेकले आणि म्हणाले, "चहा टाक." तू असतीस तर तू त्यांच्याकडे कशी बघितली असतीस? मी तर बघतच राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना कोणाला 'नाही' म्हणताना मी ऐकलं नव्हतं.

अण्णा रात्री जेवला. सार आंबट झालंय म्हणाला आणि दोनदा मागून घेतलं. दोन दिवस राहिला, आणि आज सकाळी निघताना ओटीच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "पावसाळ्यात होडी अडली की बाकडी रिकामी पडतील, तेव्हा बघू तुझे प्रश्न." मी म्हटलं, "तेव्हा काय करायचं हाच तर पहिला प्रश्न आहे." त्याला हसू आलं. ते त्यानं लपवायचा प्रयत्न केला. तो पूर्ण राजी नाही, बाय. त्याच्या मनातली ती खडूवाली वत्सू अजून तिथेच उभी आहे, आणि ती जायला वेळ लागेल. शाळेला मी नकार कळवलाय. पत्र टाकण्याआधी दोनदा उघडून वाचलं, हेही तुला सांगते.

आता तुझ्यासाठी शेवटचा प्रश्न, आणि याचं उत्तर मला इथेच मिळालंय.

काल मी सगळ्यांना विचारलं, बाय जेवायची केव्हा? दादांना माहीत नाही. हुसेनचाचाला माहीत नाही, म्हणाला, "तिला जेवताना मी कधी बघितलाच न्हाय." एवढी वर्षं रोज तुझ्या हातचं खाल्लेला माणूस! शेवटी पारूनं सांगितलं. "उभ्यानं. पातेल्यातला, सगले गेल्यावर. कदी कदी ता पन न्हाय."

का ग असं केलंस? सगळ्या बंदराला बसवून जेवायला घातलंस आणि तुला स्वतःला बसायला जागा नव्हती? आजारपणात डॉक्टर म्हणाले, अंगात काही शिल्लकच नाही. आम्ही म्हटलं, वय झालं. वय कुठे झालं होतं तुझं?

आज दुपारी ओहोटी होती, बाकडी भरलेली. मी सगळ्यांना वाढलं, मग एक ताट स्वतःसाठी घेतलं आणि पारूच्या शेजारी जाऊन बसले. सगळ्यांचे हात ताटातच थांबले. खानावळवाली गिऱ्हाइकांच्या रांगेत! मी ताटातला भात नुसता कालवत राहिले.

पारूनं माझ्याकडे बघितलं, आपलं ताट जरा सरकवलं आणि ओरडली, "बघता काय? बालिष्टर जेवतेय. कोनाला भात पायजे तर उठा नि घ्या हातानं!"

आणि हुसेनचाचा उठला, बाय. त्यानं पातेलं उचललं आणि रांगेतून भात फिरवला. मला पण विचारलं, "घे गो, अजून?"

मी तुला वचन देते. मी रोज जेवेन, बसून जेवेन, आणि भात गरम असताना जेवेन.

तुझी,
वत्सू